भोंगा थांबल्यानंतरचे सोलापूर

आपल्याकडे गावाची ओळख करून देण्याची एक सोपी रीत आहे. नागपूरची संत्री, जळगावची केळी, नाशिकची द्राक्षे, कोल्हापूरचा गूळ. एका गावाला एक वस्तू चिकटवून दिली की काम भागते. आम्हां सोलापूरकरांच्या वाट्याला चादर आली. आगगाडीत समोरच्या बाकावरचे गृहस्थ ‘आपण कुठले?’ असे विचारतात. ‘सोलापूर’ म्हटले की त्यांचा चेहरा खुलतो. ‘वा! चादरीचं गाव!’ असे म्हणून ते आपल्या घरातल्या चादरींचा हिशेब सांगू लागतात. त्यांतली एखादी त्यांच्या आईच्या लग्नातली असते आणि अजून फाटलेली नसते. दौंड मागे पडेपर्यंत जरा घसट वाढते आणि मग ते हळूच दुसरे वाक्य टाकतात, ‘पण आता तिथं काही राहिलं नाही म्हणतात.’

पहिल्या वाक्याने सुखावलेला सोलापूरकर दुसऱ्या वाक्याने खट्टू होतो आणि तावातावाने बोलू लागतो. गिरण्या किती होत्या, त्यांच्या चिमण्या किती उंच होत्या, पगाराच्या दिवशी बाजारात पाय ठेवायला जागा कशी नसे, सारे सांगतो. ऐकणारा मान डोलावतो, पण त्याचे मत काही बदलत नाही. मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. त्यामुळे समोरचा काय बोलतो याच्याआधी त्याच्या क्रियापदांकडे माझे लक्ष जाते. माझ्या गाववाल्याचे प्रत्येक वाक्य ‘होते’, ‘होती’, ‘होत्या’ यांवरच येऊन थांबते. ज्या गावाचा अभिमान भूतकाळाखेरीज दुसऱ्या कोणत्याच काळात चालवता येत नाही, त्या गावाने आपल्या अभिमानाची एकदा झाडाझडती घ्यायला हवी, असे मला अलीकडे फार वाटू लागले आहे.

तो भूतकाळ खोटा आहे असे मात्र कोणी समजू नये. मुंबईकडून निघालेली आगगाडी १८६० साली सोलापूरला पोचली. भोवताली काळ्या जमिनीचा मुलूख, गावात हातमागाचा जुना धंदा आणि मुंबई बंदराशी जोडणारा लोखंडी रस्ता, अशी सामग्री जुळून आली. मुंबईचे मोरारजी गोकुळदास यांनी काढलेली ‘सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग’ ही गिरणी १८७७ साली सुरू झाली. १८७६-७७ चा भयंकर दुष्काळ त्याच सुमारास या भागावरून वरवंट्यासारखा फिरला होता, हे विसरून चालणार नाही. शेते उजाड झाली होती आणि मिळेल त्या मजुरीवर राबायला माणसे तयार होती. गिरणीच्या भोंग्याला पहिली हाक घातली ती भुकेने.

पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू अशा गिरण्या निघाल्या. क्रिकेटच्या मैदानावर ज्यांचे नाव झाले त्या जाम रणजितसिंहांच्या नावाचीही एक गिरणी निघाली. नव्या गिरण्या आल्यावर पहिलीला लोक ‘जुनी मिल’ म्हणू लागले. ती आशियातली सर्वांत मोठी गिरणी, असे आमचे वडीलधारे छाती फुगवून सांगत. आशिया खंड फिरून खात्री करायला कोणी गेले नव्हते, पण तशी गरजही कोणाला वाटली नाही. १९०१ साली ज्या गावाची वस्ती सुमारे ७५ हजार होती, ते २०११ च्या शिरगणतीत साडेनऊ लाखांचे झाले. या वाढीचा पाया गिरण्यांनी घातला, यात शंका नाही.

माझे वडील अशाच एका गिरणीत साळखात्यात होते. आमच्या आळीत घड्याळे थोडी होती, पण वेळ चुकत नसे. पहाटेचा भोंगा झाला की चुली पेटत, दुसऱ्या भोंग्याला डबे निघत. पाळी सुटली की केसांवर कापसाची म्हातारी बसलेली माणसे सायकली हाकत घरी येत. साच्यांच्या खडखडाटात आयुष्य गेल्यामुळे त्यांना हळू बोलणे जमतच नसे. परगावच्या पाहुण्याला वाटे, या घरात भांडण चालले आहे. भांडण कसले! ती ‘चहा घेता का?’ एवढीच चौकशी असे.

आता झाडाझडतीला सुरुवात करू. या गिरण्यांत आमचे असे काय होते? पहिले भांडवल मुंबईचे, यंत्रे विलायतेची, भाव ठरवणारा बाजार तर पार परका. आणि राबणारे हात? तेही बहुतेक बाहेरूनच आलेले. तेलंगणातल्या करीमनगर, वरंगळ, नलगोंडा या भागांतून पद्मशाली विणकर आपले माग आणि मार्कंडेय देव यांसह आले आणि त्यांनी गावाचा पूर्व भाग वसवला. कानडी मुलखातून लिंगायत आले, मोमीन विणकर आले, आसपासच्या खेड्यांतून मराठी शेतकरी आणि दलित मजूर आले, गुजराती-मारवाडी व्यापारी आले. काही माणसे तर आली नव्हती, आणली गेली होती. इंग्रज सरकारने ज्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगार म्हणून शिक्का मारला, त्यांच्यासाठी सोलापुरात तारांच्या कुंपणाची ‘सेटलमेंट’ होती. तिथली बायामाणसे हजेरी देऊन गिरणीत जात आणि हजेरी द्यायला परत येत. तो काळा कायदा १९५२ च्या ३१ ऑगस्टला रद्द झाला. गिरण्यांच्या वैभवाची गाणी गाताना या कुंपणाचाही उल्लेख व्हायला हवा. तो सहसा होत नाही.

म्हणजे गावाचे स्वतःचे असे काय उरले? माझ्या मते, या सगळ्यांना एका गावाचे करून घेण्याची हातोटी. ती मात्र कोणी बाहेरून आणून दिलेली नव्हती. ग्रामदैवत सिद्धरामेश्वर हे बाराव्या शतकातले शिवशरण. त्यांची वचने कानडीत. त्यांनी लोकांचे हात लावून तलाव उभा केला, असे परंपरा सांगते. संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत त्यांचे उंच नंदीध्वज मिरवतात, तेव्हा रस्त्याच्या दुतर्फा मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू एकाच वेळी ऐकू येते. नवरात्रात पूर्व भागात बतुकम्माचे फेर धरले जातात. दोन्ही भाषांच्या शेजाराने आमच्या मराठीलाही वेगळा हेल दिला. ‘काय करलालास बे?’ हा प्रश्न ऐकून पुण्याचे पाहुणे दचकतात. त्यात उद्धटपणा मुळीच नसतो, उलट माया असते. प्रमाण भाषा शिकवून मी पोट भरतो, पण गड्ड्यात जुना मित्र भेटला की माझ्याही तोंडून पहिला शब्द ‘बे’ हाच निघतो.

या हातोटीची परीक्षा १९३० साली झाली. मे महिन्यात गांधीजींना अटक झाल्यावर सोलापूर पेटले. गिरणी कामगार रस्त्यावर आले, गोळीबार झाला आणि १२ मे पासून ३० जूनपर्यंत गावावर लष्करी कायदा लादला गेला. नंतर खटला होऊन १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात चौघांना फाशी दिले गेले: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे. ही चार नावे एकापाठोपाठ एक मोठ्याने वाचून पाहा. गावाची सारी वस्ती त्या चार नावांत उभी राहते. असे हुतात्मे काही ठरवून निवडता येत नाहीत. ज्या गावात माणसे तशी मिसळलेली असतात, तिथेच ती यादी अशी तयार होते.

गिरण्यांचे दुखणे पुष्कळ जुने आहे. जुनी मिल पहिल्यांदा बंद पडली ती १९४९ च्या ऑगस्टमध्येच. हजारो कामगार घरी बसले, तेव्हा जानेवारी १९५० मध्ये सरकारने वटहुकूम काढून तिचा कारभार ताब्यात घेतला. त्याविरुद्ध एक भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात हरला. तीन वर्षांनी दुसरा भागधारक गेला आणि जिंकला. मालमत्तेचा हक्क मोठा की समाजाची गरज मोठी, या वादाचा श्रीगणेशा ज्या खटल्यांनी झाला, त्यांत हे दोन्ही आहेत. आजही वकिलीचे विद्यार्थी सोलापूरच्या या गिरणीचे नाव पाठ करतात. कामगारांना मात्र त्या कीर्तीचा काही उपयोग झाला नाही. १९६० नंतरच्या दशकात जुनी मिल कायमची थांबली. १९९० नंतर लक्ष्मी-विष्णू गेली आणि पाठोपाठ नरसिंग गिरजीचाही श्वास संपला.

कारणे सांगताना प्रत्येक जण आपल्या सोयीचा आरोपी उभा करतो. मालक संपाकडे बोट दाखवतात, कामगार मालकांच्या लोभाकडे. खरे पाहता जुनी यंत्रे बदलली गेली नाहीत. यंत्रमागावर तेच कापड कमी मजुरीत आणि कमी सवलतीत निघू लागले आणि कापडाच्या बाजाराने नवी वाट धरली. गिरणी बंद पडली तेव्हा मी शाळेत होतो. त्या दिवशी काही गाजावाजा झाला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे भोंगा झाला नाही आणि आमची सारी आळी उशिरा उठली, एवढेच आठवते. मग कोणी भाजीची गाडी लावली, कोणी रिक्षा घेतली, कोणी पुण्याला रखवालदार म्हणून गेला. कुशल साचेवाला दुसऱ्याच्या फाटकाशी स्टुलावर बसला.

गंमत अशी की गिरण्या गेल्या, पण चादरीचे नाव गेले नाही. कारण सोलापुरी चादर हे मुळी गिरणीचे लेकरू नव्हेच. ती पूर्व भागातल्या घराघरांतल्या मागांवर वाढली. जकार्डच्या पट्ट्यांनी नक्षी उठवलेली, दोन्ही बाजूंनी पांघरता येणारी, धुवून धुवून मऊ होणारी ही चादर देशभर गेली. २००५ साली चादरीला आणि सोलापुरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे सोलापूरचे नाव लावायचे तर माल सोलापूरचाच हवा, असा कायदा झाला. तरीही परप्रांतात विणलेल्या चादरी आमचे नाव लावून खुशाल विकल्या जातात. त्यांच्या जोडीला गुबगुबीत, स्वस्त ब्लँकेटे आली. अशा रीतीने गावाचे नाव बाजारात धावते आहे आणि ते नाव ज्यांनी मिळवले त्यांचे माग एकेक करून थांबत आहेत. लौकिक हा असा असतो. तो मिळवतो एक आणि वापरतो दुसराच.

त्याच काळात सोलापूरला दुसरा लौकिक चिकटला. धुळीचे गाव. उजनीसारखे धरण जिल्ह्यात असून वर्षानुवर्षे चार-चार, पाच-पाच दिवसांनी नळाला पाणी येणारे गाव. मुले सोडून जाणारे गाव. पहाटेची पुण्याची गाडी याची साक्ष आहे. त्या गाडीचे नाव ‘हुतात्मा एक्सप्रेस’. ज्या चौघांनी या गावासाठी प्राण दिले, त्यांच्या नावाच्या गाडीत बसून आमची मुले गाव सोडतात. शिक्षक या नात्याने मी ती पाहतो. सुट्टीत परतलेला विद्यार्थी भेटतो आणि सांगतो, ‘सर, तिकडं मी पुण्याचाच म्हणून सांगतो. उगाच प्रश्न नकोत.’ हे वाक्य मला गिरणी बंद पडण्याहून अधिक लागते.

जाण्यात वाईट काहीच नाही. वालचंद हिराचंद सोलापूरचेच. ते गाव सोडून गेले म्हणूनच देशाला जहाजे बांधण्याची गोदी आणि विमानांचा कारखाना मिळाला. डॉक्टर द्वारकानाथ कोटणीसही इथलेच. १९३८ साली ते चीनला गेले आणि १९४२ च्या डिसेंबरात तिथल्या जखमी सैनिकांची सेवा करता करताच वारले. सोलापूरने त्यांना कधी अंतर दिले नाही आणि त्यांनीही सोलापूर लपवले नाही. गाव सोडणे ही नामुष्की नाही. गावाचे नाव सांगताना आवाज खाली जाणे ही खरी नामुष्की, आणि तिला मुलांपेक्षा आम्ही वडीलधारे अधिक जबाबदार आहोत. ‘आता काही राहिलं नाही’ हे वाक्य त्यांनी आगगाडीतल्या गृहस्थांकडून ऐकण्याआधी आपल्याच घरात ऐकलेले असते.

मध्यंतरी पहिल्या वर्षाच्या वर्गाला मी ‘माझे गाव’ या विषयावर निबंध लिहायला दिला. बहुतेकांनी गिरण्यांपासून सुरुवात केली. ज्यांनी भोंगा जन्मात ऐकला नाही, त्यांनीही त्याचे वर्णन केले. एका मुलीने मात्र गिरणीचे नावसुद्धा घेतले नाही. तिने आपल्या आईबद्दल लिहिले होते. आई विड्या वळते. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते. पान भिजवायचे, कात्रीने कापायचे, तंबाखू भरायची, दोरा बांधायचा. वळता वळता आई तेलुगूत गाणे म्हणते, शेजारणीशी कानडीत बोलते आणि कारखान्यात माल देताना मराठीत भांडते. शेवटी तिने लिहिले होते, ‘आमचे गाव कामाचे आहे.’ साऱ्या गठ्ठ्यात वर्तमानकाळात लिहिलेला तो एकच निबंध होता.

त्या निबंधाने माझ्या मनातली एक गाठ सुटली. मागच्या वैभवाची सावली इतकी दाट पडली आहे की आजचे कष्ट आम्हांला दिसतच नाहीत. सोलापूरच्या अभिमानाच्या यादीत चिमण्या आहेत, पण विड्या वळणाऱ्या हजारो बायका नाहीत. वास्तविक त्यांनी जे केले ते कोणत्याही गिरणीमालकाला जमले नाही. वर्षानुवर्षे मोर्चे काढून, पै-पै साठवून आणि सहकारी संस्था उभारून त्यांनी कुंभारीच्या माळावर स्वतःची दहा हजार घरे उभी केली. गोदूताई परुळेकरांचे नाव लाभलेल्या त्या वसाहतीतली घरे २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते दिली गेली. त्याच परिसरातल्या रे नगरात आणखी पंधरा हजार घरे झाली आणि जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या उपस्थितीत ती कष्टकऱ्यांच्या हाती आली. दोन वेगळ्या पक्षांचे पंतप्रधान ज्या कामासाठी या गावी आले, ते काम आमच्या आगगाडीतल्या गप्पांत येऊ नये, याला काय म्हणावे?

आणखीही सांगण्यासारखे आहे. शाळांचे गणवेश शिवण्याचा धंदा गावात जोर धरतो आहे. विजापूर-गुलबर्ग्यापासून उस्मानाबादपर्यंतचे रुग्ण उपचारांसाठी सोलापूरच्या दवाखान्यांत येतात आणि इथल्या बोलीत त्यांना परके वाटत नाही. चार भाषांची जुनी हातोटी इथे रोज कामी येते. २००४ पासून गावाला स्वतःचे विद्यापीठ आहे. यातले काहीच चिमणीइतके उंच नाही, त्यामुळे लांबून दिसत नाही, हे खरे.

चिमणीवरून आठवले. विमानांच्या वाटेत येते म्हणून सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची सुमारे नव्वद मीटर उंचीची चिमणी १५ जून २०२३ रोजी स्फोटकांनी पाडली. कारखान्याचे सभासद आणि कामगार पाडापाडीच्या विरोधात होते, विमान हवे असलेले बाजूने होते आणि गाव दोन तट पडून भांडत होते. काही क्षणांत ती चिमणी आडवी झाली. गोव्याचे पहिले विमान उडायला त्यानंतर दोन वर्षे लागली. मला त्या भांडणात दोन्ही बाजूंना एक जुनी खोड दिसली. एका बाजूला वाटत होते, चिमणी टिकली तर गावाची पत टिकेल. दुसऱ्या बाजूला वाटत होते, विमान आले की पत येईल. दोघांचीही नजर वर आभाळाकडे होती. जमिनीवर राबणाऱ्या माणसाला रोज पाणी, बरी मजुरी आणि शिकल्यावर गावातच काम मिळेल का, हा प्रश्न आभाळात सुटणारा नाही.

वाचकहो, लौकिक देणे-घेणे हा जगाचा व्यवहार आहे. जगाने सोलापूरला एकदा गिरणगाव म्हटले, नंतर बकाल म्हटले, उद्या आणखी काही म्हणेल. त्यावर कोणाचा इलाज नाही. अभिमान मात्र ज्याचा त्याने निवडायचा असतो आणि तो कशाचा निवडतो यावर पुढच्या पिढीचे वागणे ठरते. गिरण्यांचा अभिमान धरला तर मुलांच्या हाती फक्त कुलपे येतील. परक्याला आपले करणाऱ्या आणि कष्टाला न लाजणाऱ्या वस्तीचा अभिमान धरला, तर तो पुण्या-मुंबईतही बरोबर नेता येईल आणि गावात राहूनही चालवता येईल. त्याला भोंगा लागत नाही.

ही दिवाळी सरली की थंडी पडेल आणि तुमच्या घरातली जुनी सोलापुरी चादर पेटीतून बाहेर निघेल. नवी घ्यायची असेल तर ती खरोखर सोलापूरची आहे ना, एवढे दुकानदाराला जरूर विचारा. आणि जमले तर संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेला या. शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरी तुमची वाट पाहत असेल. कोणी ‘काय बे, कधी आलास?’ असे विचारले, तर रागावू नका. त्या घटकेपासून तुम्हीही सोलापूरचे झालात, असे खुशाल समजा.